कुंपणापलीकडचे नातेवाईक

रानडुकरांनी एका रात्रीत भुईमुगाचे शेत उकरून टाकले, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. हे रानडुक्कर आणि वराहपालन केंद्रातले गुबगुबीत डुक्कर प्राणिशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातले. एक माणसाने पाळले, दुसरे रानात राहिले, आणि तिथेच दोघांचा संबंध संपला, असे आपल्याला वाटते. डुकराची जनुके मात्र वेगळी हकिकत सांगतात.

जनुके म्हणजे आईबापाकडून पिल्लाला मिळणारा वारसा. हा सगळा वारसा अक्षरन् अक्षर वाचणे म्हणजे जिनोमचे वाचन. २०१२ साली ड्युरॉक जातीच्या एका मादीचा जिनोम प्रसिद्ध झाला. आशिया आणि युरोपातल्या रानडुकरांशी तुलना केल्यावर दिसले, की या दोन शाखा सुमारे १० लाख वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या होत्या. मूळ घराणे आग्नेय आशियातले. माणसाने डुक्कर पाळले ते अगदी अलीकडे, गेल्या सुमारे १०,००० वर्षांत. आणि तेही आजच्या तुर्कस्तानात व चीनमध्ये, स्वतंत्रपणे.

तुर्कस्तानकडचे शेतकरी सुमारे ८,००० वर्षांपूर्वी आपली डुकरे घेऊन युरोपात शिरले. मग युरोपातली आजची डुकरे त्यांचीच संतती असणार ना? २०१९ साली प्राचीन हाडांतला डीएनए तपासला, तेव्हा आजच्या युरोपी डुकरांत हा वारसा फार तर ४ टक्के निघाला! बाकीचा स्थानिक रानडुकरांचा. कारण साधे आहे. डुकरे रानात मोकळी चरत, रानडुकरांशी त्यांचा संकर होई. पिढ्यान्‌पिढ्या हे चालले आणि रक्त जवळजवळ सगळे बदलले. तरी डुक्कर पाळीवच राहिले, कारण सोयीचे पिल्लू ठेवायचे हे माणूस ठरवत होता.

पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपीयांनी चिनी डुकरे नेली. १० लाख वर्षे दुरावलेल्या शाखा पुन्हा जुळल्या. एका वेळी जास्त पिल्ले होण्याशी संबंधित एक जनुक युरोपी डुकरांना आशियाकडूनच मिळाले, असे २०१४ सालच्या संशोधनात आढळले.

हे आज का महत्त्वाचे? मोठे वराहपालन आता मोजक्या जातींवर चालते. आफ्रिकन स्वाइन फीव्हरची साथ आली की कळपच्या कळप मरतात. २०२० साली हा रोग आसामात पोचला. आफ्रिकेतले वॉर्टहॉग नावाचे रानटी डुक्कर मात्र हाच विषाणू अंगात बाळगूनही आजारी पडत नाही. याचे रहस्य त्याच्या जनुकांत आहे का, हे शास्त्रज्ञ तपासत आहेत. त्याच वेळी आसामातल्या गवताळ रानात उरलेल्या, जेमतेम फूटभर उंचीच्या पिग्मी हॉगला या साथीचा धोका आहे.

पाळीव डुकराला आजवर नवे गुण मिळाले ते कुंपणापलीकडच्या नातेवाइकांकडून. ते नातेवाईकच नाहीसे झाले, तर पुढच्या साथीत मदत मागायची कोणाकडे?