कुठे लिहिलंस?

(काशीतल्या मराठी मंडळींपुढे वसंतातल्या व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘डेटाबेसचा लॉग आणि नेटवर्क स्टोरेज’. तो वाचूनही इतके जण आलात, म्हणजे बाहेर ऊन फारच असणार. (हशा) डेटाबेस काय असतो हे बँकेच्या रांगेत सगळ्यांना कळलेलं आहे, पुढे जाऊ.

खात्यात पैसे जमा झाले की डेटाबेस मूळ पान लगेच डिस्कवर बदलतोच असं नाही. तो आधी लॉगमध्ये नोंद करतो, ती पक्की झाली की ‘झालं’ म्हणतो. वीज गेली, तर लॉग वाचून पानं पुन्हा उभी करतो. आयबीएमच्या सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी १९९२च्या ‘एरीज’ निबंधात ही रीत तपशिलानं बांधून दिली. मोहन आपल्या मद्रास आयआयटीचे, हे जाता जाता.

आता नेटवर्क स्टोरेजचे विक्रेते म्हणतात, लॉग आमच्या पेटीत ठेवा. तिचा कारभार पाहणारे दोन कंट्रोलर आहेत, एक मेला तर दुसरा उचलतो. उचलू दे. माझं म्हणणं एवढंच, की पेटी ‘लिहिलं’ म्हणाली की विचारा, ‘कुठे लिहिलंस?’ नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या एनएफएस सर्व्हरवर ‘असिंक’ ठेवलं असेल, तर मजकूर मेमरीत असतानाच ती होकार देते. वीज जाते, नोंद जाते, पावती गिऱ्हाइकाच्या खिशात राहते. मागून कुणी म्हणालं, ‘आमच्या पेटीत असं होत नाही.’ नसेल होत! बॅटरीवर जपलेली मेमरी असेल, आणि तीही दोन्ही कंट्रोलरांत, तर माझं भांडण नाही. मी पेटीचा वैरी नव्हे.

इथे जरा आडवाटेनं जातो. आपल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा. गाव विचारतात, आडनाव विचारतात, बासन सोडतात, आणि पणजोबांच्या सहीखाली तुमची सही घेतात. तुमच्यासमोर, शाईनं. जुनी ओळ खोडत नाहीत, नवी खाली येते. ‘तुम्ही निघा, रात्री लिहून ठेवतो’ म्हणणाऱ्या उपाध्यांना दक्षिणा द्याल का? (हशा) आणि समजा, वहीची नक्कल आहे, पण ती शेजारच्याच तळघरात. इथे गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर, १९७८ साली पाणी ७३.९०१ला गेलं. त्या पाण्याला मूळ आणि नक्कल यांत फरक कळत नाही. दोन कंट्रोलर एकाच कपाटात असतात, त्यांचंही तेच.

मग नक्कल दिल्लीला ठेवू, म्हणाल. ठेवा; पण काचतंतूतून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. दिल्लीचा होकार यायला सातेक मिलिसेकंद लागणारच, आणि तेवढा वेळ प्रत्येक ‘झालं’ अडून राहणार. नुकसान परवडतं की उशीर, हे मालकानं ठरवायचं, विक्रेत्यानं नव्हे.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? उपाध्यांनी वेळ खाल्ला. तर भराभर: डेटाबेसच्या यंत्रावर एनएफएसची जोडणी, म्हणजे माउंट, ‘हार्ड’ ठेवा; मग एका कंट्रोलरकडून दुसऱ्याकडे काम जाताना पेटी अडकली तर डेटाबेस थांबेल, अर्धवट चूक घेऊन पुढे धावणार नाही. २०१८ साली पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींच्या ध्यानात आलं, की लिहिताना आलेली चूक लिनक्स एकदा सांगून विसरू शकतो. दुसऱ्यांदा विचारलं तर ‘ठीक’. तेव्हापासून अशा वेळी पोस्टग्रेस सरळ बंद पडतो आणि लॉगवरून उठतो. मला हे फार आवडतं, पण राहू दे.

चाचणीच्या पेटीची वीज भर कामात काढा. ‘झालं’ म्हणून कळवलेले व्यवहार आधीच दुसऱ्या यंत्रावर मोजून ठेवा, पेटी उठली की डेटाबेसमधले मोजा. कमी भरले तर विक्रेत्याला बोलवा. मला नको, मी उद्या गाडीत असेन. (हशा)