सिंगापूरच्या तीन रात्री: शर्यतही, गाणंही

सिंगापूरच्या फॉर्म्युला वन शर्यतीचं तिकीट हाती आलं की बहुतेकांचा बेत ठरलेला असतो. तीन रात्री मोटारी, त्याच तीन रात्री गाणी, आणि दिवसा सेंटोसा, प्राणिसंग्रहालय, खरेदी. पहिल्या दोन गोष्टी एकत्र जमतात. तिसरी मात्र त्या दोन्हींच्या मुळावर येते, कारण दिवसभर उन्हात फिरलेली माणसं ऐन पात्रता फेरीच्या वेळी पेंगू लागतात.

२८ सप्टेंबर २००८ रोजी मरीना बेच्या रस्त्यांवर फॉर्म्युला वनच्या इतिहासातली पहिली रात्रीची शर्यत झाली आणि फर्नांडो अलोन्सोनं ती जिंकली. शर्यतीच्या आवारातच गाण्याचे मंच उभारायचे आणि शर्यतीच्या तिकिटावरच ते खुले ठेवायचे, ही इथली खासियत. रिहाना, बॉन जोव्ही, क्वीन, रेड हॉट चिली पेपर्स असे कलाकार इथे गाऊन गेले; २०२५ मध्ये एल्टन जॉन येऊन गेले. शर्यत एकीकडे आणि गाणं दुसरीकडे असलं की काय होतं, ते आपल्याकडे २०११ मध्ये दिसलं. पहिली इंडियन ग्रां प्री ग्रेटर नोएडात होती, तर त्याच आठवड्याच्या अखेरीस मेटॅलिकाचा कार्यक्रम दिल्लीच्या पार दुसऱ्या बाजूला, गुडगावात. तो ऐनवेळी रद्द झाला आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी मंचाची मोडतोड केली.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, घड्याळाची. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. रविवारची शर्यत तिथल्या रात्री आठला, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला सुरू होते. युरोपातून येणारे संघ इथे आपलं घड्याळ बदलतच नाहीत. ते युरोपच्या वेळेनुसार पहाटे झोपतात, दुपारी उठतात. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी हीच रीत उचलावी. गाणं संपवून हॉटेलवर पोचून आडवं व्हायला तिथले तीन वाजले, तरी शरीराच्या हिशेबानं ते साडेबाराच असतात. सकाळी अकराला उठावं, जेवण दोनला, आणि चारच्या सुमारास बाहेर पडावं. हॉटेलचा मोफत नाश्ता बुडतो याची हळहळ करू नये. झोप जास्त मोलाची आहे.

दुसरी गोष्ट तिकिटाची. ट्रॅकचं आवार चार झोनमध्ये विभागलेलं असतं. झोन १ पूर्वेला, पिट आणि सिंगापूर फ्लायर या महाकाय पाळण्याच्या बाजूला. गाण्याचा मुख्य मंच पाडांग या मैदानावर, झोन ४ मध्ये, पश्चिमेला. झोन ४ च्या तिकिटावर इतर झोनमध्ये जाता येत नाही, पण झोन १ च्या तिकिटावर सगळीकडे फिरता येतं. मात्र पिटसमोरून पाडांगपर्यंतची वाट एरवी वीस-पंचवीस मिनिटांची असली, तरी गाड्या थांबल्यावर सगळी गर्दी तिकडेच वळते. ट्रॅक ओलांडायला ठरावीकच पूल आणि भुयारी वाटा असतात. त्यामुळे ज्यांचा जीव गाण्यात जास्त रमतो, त्यांनी महागडं पिट ग्रँडस्टँड न घेता पाडांगजवळची जागा घ्यावी, हा स्पष्ट सल्ला. तिथे मोटारी सेंट अँड्र्यूज रोडवरून जुन्या सिटी हॉलसमोरून जातात आणि पुढे १९१० सालच्या अँडरसन पुलाच्या लोखंडी कमानींखाली शिरतात. पूल अरुंद, दोन्ही बाजूंना काँक्रीटचे अडथळे, आणि त्यातून चाक न घासता गाडी काढायची. चालकाचं कसब इथे जवळून पाहायला मिळतं.

आणि हो, याच पाडांगवर जुलै १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद फौजेचं संचलन पाहिलं होतं. फौजेच्या स्मारकाची खूण शेजारच्या एस्प्लनेड पार्कात आहे. मराठी माणसानं तिथे दोन मिनिटं जरूर थांबावं.

हवेला कमी लेखू नये. २०२५ च्या शर्यतीत अतिउष्णतेचा धोका अधिकृतपणे जाहीर करावा लागला होता. असं फॉर्म्युला वनमध्ये प्रथमच घडलं. मैदानात उभ्या प्रेक्षकालाही तोच दमटपणा सोसावा लागतो. सुती कपडे, पायाला रुळलेले जुने बूट, आणि तहान लागण्याआधी पाणी. मीठ-साखरेची पाकिटं सोबत असावीत. पावसासाठी छत्रीऐवजी पातळ रेनकोट, म्हणजे मागच्यांचाही रसभंग होत नाही. २०२२ मध्ये पावसामुळे शर्यत तासाभराहून अधिक उशिरा सुरू झाली आणि संपेपर्यंत अकरा वाजून गेले. म्हणून रविवारी रात्रीचं परतीचं विमान अजिबात घेऊ नये. सोमवारी दुपारनंतरचं घ्यावं.

परतताना सगळे सिटी हॉल स्थानकाकडे धावतात. शर्यतीच्या रात्री मेट्रो उशिरापर्यंत चालते, पण शेवटच्या गाडीची वेळ आधीच पाहून ठेवावी. शाकाहारींनी दुपारचं जेवण लिटल इंडियात उरकावं. व्हिसाखेरीज आगमनाचं ऑनलाइन कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरावं लागतं. ई-सिगारेटवर तिथे पूर्ण बंदी आहे, ती सामानातही नको.

शेवटी कान. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो, असं कामगारांसाठीचं प्रमाण आहे. त्यावर दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं, आणि रॉकच्या मंचासमोर तेवढा आवाज सहज असतो. मोटारींचा गोंगाट त्याआधी झालेलाच असतो. फोमचे इअरप्लग बोटांत वळून बारीक करावे, दुसऱ्या हातानं कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, प्लग आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवावा. लहान मुलांना कान झाकणारे इअरमफच हवेत. सोमवारी कानात शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर विमानात हेडफोन लावू नयेत. दोन दिवसांनंतरही तो थांबला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावं. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी.