ट्रस्टचा एक जास्तीचा डॉलर

ट्रस्ट म्हटलं की आपल्याला आधी देवस्थान आठवतं, नाहीतर शिक्षणसंस्था. इथे न्यूझीलंडमध्ये ट्रस्ट घराघरांत असतो. राहतं घर त्याच्या नावावर, जोडीला टर्म डिपॉझिट किंवा भाड्याने दिलेलं एखादं घर.

१ एप्रिल २०२४ पासून ट्रस्टकडेच राहणाऱ्या उत्पन्नावरचा कर ३३ टक्क्यांवरून ३९ टक्के झाला. २०२१ पासून १,८०,००० डॉलरच्या वरच्या वैयक्तिक उत्पन्नाला ३९ टक्के लागत होते आणि ट्रस्टला मात्र ३३. ती फट सरकारने बुजवली. पण १,८०,००० च्या आसपासही न फिरकणारे आपल्यासारखेही त्यात सापडले.

फक्त राहतं घर असेल तर काळजी नको. उत्पन्नच नाही, तर कर कसला? लहान ट्रस्टनाही सूट आहे. खर्च वजा जाता ट्रस्टकडे १०,००० डॉलरपर्यंतच राहत असतील, तर दर अजूनही ३३ टक्के. इथे मात्र कान देऊन ऐका. १०,००० वर कर होतो ३,३०० डॉलर. १०,००१ झाले की सगळ्याच रकमेला ३९ टक्के, म्हणजे ३,९०० च्या वर. एका डॉलरपायी सहाशेचा भुर्दंड! म्हणून व्याजाचा हिशोब मार्च संपण्याआधीच मांडून बघा.

मग अकाउंटंट सुचवतात, उत्पन्न मुलांना वाटून टाका. मूल सोळाच्या आतलं असेल तर वर्षाला १,००० डॉलरच्या पुढे ट्रस्टचाच दर लागतो, म्हणजे फारसं हाती लागत नाही. युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या लेकीचं मात्र तसं नाही. तिचं बाकीचं उत्पन्न धरून १५,६०० डॉलरपर्यंत दर साडेदहा टक्केच. मोह होतोच.

आमच्या घरी हा विषय निघाला तेव्हा लेकीने विचारलं, "बाबा, मग ते पैसे मी खरंच काढू शकते?" मी जरा गप्प झालो. कारण उत्तर 'हो' असंच आहे. नुसतं कागदावर तिचं नाव लिहून पैसे ट्रस्टनेच वापरले, तर ते तिचं देणं म्हणून ट्रस्टच्या डोक्यावर बसतं. वर्षानुवर्षं साठतं. उद्या तिने मागितले, तर द्यावेच लागतात.

आम्ही मुदतीत ठराव लिहिला आणि रक्कम तिच्या खात्यात भरली. तिने जुनी गाडी घेतली. कुठली घेऊ, हे मला विचारलंही नाही.