तुटलं तर कोणाला लागेल?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात शाळेच्या सभागृहात केलेलं भाषण)



संयोजक म्हणाले, तुझ्या कामाबद्दल बोल. माझं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात, लेथवर. हल्ली माझ्याकडे एक नवं गिऱ्हाईक येतं. वय वीस-बावीस, हातात मोबाईल, मोबाईलवर व्हिडिओ. "काका, गाडीची ताकद वाढवायची आहे. हा पार्ट करून द्या." यातली काही मुलं इथं बसलेल्यांच्याच घरातली आहेत. म्हणून आज हाच विषय घेतला.

या मुलांना मी हाकलत नाही. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. हातानं लोखंड कापणारा मुलगा मला आवडतो. पण कामाला हात लावण्याआधी मी त्याला एकच प्रश्न विचारतो. हा पार्ट चालत्या गाडीत तुटला, तर काय होईल?

उत्तर 'आवाज वाढेल' किंवा 'गाडी बंद पडेल' एवढंच असेल, तर बस म्हणतो, करू. इंजिनातून येणारं वाफेतलं तेल अडवणारा डबा, एक्झॉस्टची धग अडवणारा पत्रा, साधी ब्रॅकेटं, एक्झॉस्टचे पाईप, ही शिकण्याची कामं. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, गाडीवर लावून बघायचा, मग धातू कापायचा. फ्लँजला 10 मिलिमीटरची पट्टी घ्यायची. पाईप जोडताना ती वेल्डिंगच्या उष्णतेनं वाकतेच, म्हणून शेवटचं फेसिंग वेल्डिंगनंतर. आधी केलंत तर गॅस्केटमधून धूर येणार.

जुन्या मारुती 800 चं उदाहरण घ्या. तीन सिलिंडर, 796 सीसी. क्रँक 240 अंश फिरला की एकेका सिलिंडरची पाळी येते. तिन्ही पाईपांची लांबी सारखी ठेवली, तर धुराचे झोत जोडावर पाठोपाठ, सारख्या अंतरानं पोचतात. मुलांना वाटतं, पाईप जितका मोठा तितकी ताकद जास्त. पण पाईप गरजेपेक्षा मोठा झाला की धुराचा वेग पडतो आणि कमी फेऱ्यांवर गाडीची ओढ उलट कमी होते.

आता धोक्याचं. स्वस्त म्हणून जीआय पाईप वेल्ड करू नका. त्यावरच्या जस्ताचा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. भंगारातले पिस्टन वितळवून घरी ओतकाम करणारेही आहेत. ॲल्युमिनियम 660 अंशांच्या आसपास वितळतं, भट्टी परसात होऊ शकते. पण ओली सळई किंवा दमट साचा त्या रसाला लागला, तर पाण्याची वाफ होताना ते सुमारे 1,700 पट फुगतं आणि रस तोंडावर उडतो. म्हणून साचा, सळई, पळी, सगळं आधी तापवून कोरडं करायचं. आणि हे काम जाणत्या माणसाशिवाय करायचंच नाही.

दुसरं उत्तर असतं, 'तुटलं तर माणसाला लागेल.' ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनचा आर्म, चाकाचा हब. इथं मी नाही म्हणतो. मुलगा म्हणतो, "मापं तर तीच आहेत." मापं दिसतात रे, धातूचा इतिहास दिसत नाही. कंपनीचा भाग घणाखाली घडवलेला असतो, ठरलेल्या तापमानाला पाणी दिलेलं असतं, हजारो धक्के देऊन तपासलेला असतो. 6061 जातीचं चांगलं कडक ॲल्युमिनियम वेल्ड केलं, की जोडाशेजारी त्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. वरून वेल्ड चकचकीत दिसतो. शिवाय योग्य मापाचं पोलाद ठरावीक मर्यादेखालचे धक्के जवळजवळ अखंड सोसतं. ॲल्युमिनियमचं तसं नसतं. छोटे धक्केसुद्धा साठत जातात आणि एक दिवस तडा जातो.

फ्लायव्हील हलकं करून मागणारे तर खूप. 28 सेंटिमीटर व्यासाचं फ्लायव्हील मिनिटाला 6,000 फेरे फिरतं, तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या वर असतो. बीड वाकत नाही, सूचना देत नाही, फुटतं. चुकीच्या जागी दोन सूत जास्त कट घेतला, तर ते तुकडे कुठं जातील हे कोण सांगणार?

कायदाही माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बेकायदा बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे वर सांगितलेले पाईपसुद्धा शिकायला, स्पर्धेच्या गाडीला. रोजच्या रस्त्यावरच्या गाडीला नाहीत. हौस भागवायला चांगली जागा आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी एसएई इंडियाची बाहा स्पर्धा असते. मुलं स्वतः गाडी बांधतात, पण तपासणी आणि ब्रेकची चाचणी पास झाल्याशिवाय ती ट्रॅकवर उतरत नाही.

पालकांना एवढंच सांगतो, पोराच्या हातातली कानस काढून घेऊ नका. घेतलीत तर तो तेच काम तुमच्या नकळत, प्रश्न न विचारणाऱ्या कुणाकडून तरी करून घेईल. त्यापेक्षा त्याच्याशेजारी उभे राहा आणि विचारा, तुटलं तर कोणाला लागेल?

जाता जाता बॅचसमोर एक सूचना ठेवतो. शाळेला यंदा भेट द्यायचीच आहे, तर प्रयोगशाळेत एक भक्कम टेबल, दोन वाईस, कानशींचा संच आणि चार व्हर्निअर देऊ. महिन्यातला एक शनिवार शिकवायला मी येतो. गॉगल मात्र प्रत्येकाच्या डोळ्यांवर हवा.