पांढऱ्या अस्वलाचा चातुर्मास
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



ध्रुवीय अस्वलांची छायाचित्रे पाहण्यासाठी आपण जमला आहात. ती दाखवूच; परंतु त्यांतील पहिले चित्र आपणांस फसलेले वाटेल, म्हणून त्याविषयी आधी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

कॅनडाच्या मानिटोबा प्रांतात, हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर चर्चिल हे लहानसे गाव आहे. तेथवर मोटाररस्ता नाही. विनिपेगहून आगगाडीने सुमारे दोन दिवस लागतात, अथवा विमानाने जावे लागते. पुढे छोट्या विमानाने आम्ही उभयता किनाऱ्यावरील एका एकाकी निवासात उतरलो, तेव्हा नोव्हेंबरचा आरंभ होता. निवासाभोवती कुंपण, आत माणसे, बाहेर अस्वले! "आता पिंजऱ्यात आपणच," असे आमच्या सौभाग्यवती उद्गारल्या.

या अस्वलांचे मुख्य अन्न म्हणजे सील, आणि सीलची शिकार साधते ती समुद्रावरील बर्फावरून. उन्हाळ्यात बर्फ वितळला की त्यांना किनाऱ्यावर यावे लागते. नोव्हेंबरच्या सुमारास समुद्र पुन्हा गोठेपर्यंत ती बहुतांशी अंगच्या चरबीवर दिवस काढतात. हा काळ आपल्या चातुर्मासाशी जवळजवळ जुळतो. मात्र हा उपवास स्वेच्छेचा नव्हे.

छायाचित्रणाच्या दृष्टीने हे काम अवघड. बर्फावरील पांढऱ्या प्राण्यापुढे कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो आणि चित्र करडे उतरते. म्हणून प्रकाश एक-दीड स्टॉप वाढवावा लागतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेव्हा जादा बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवावी. उबेत येताना कॅमेरा हवाबंद पिशवीत घातला नाही तर त्यावर दव धरते.

तिसऱ्या दिवशी खुरट्या झुडपांच्या आडोशाला एक मादी आपल्या पिलासह पडलेली दिसली. तिची पाठ आमच्याकडे होती. थोडे पुढे सरकलो तर ती उठेल आणि चेहरा मिळेल, असे आम्ही वाटाड्यास सुचविले. तो शांतपणे म्हणाला, "उठेल, पण त्याची किंमत तिला चरबीने मोजावी लागेल." इतक्या दूर येऊन आम्ही एका उपाशी जिवाची झोप मोडू पाहत होतो, याची आम्हांस मनापासून लाज वाटली. आम्ही जागीच थांबलो. दोन तासांनी प्रकाश मावळला. तिने मान वर केली नाही.

बर्फाचे दिवस घटत आहेत आणि हा उपवास लांबत आहे. पश्चिम हडसन उपसागरातील अस्वलांची अंदाजित संख्या १९८७ साली ११८५ होती. ती २०१६ मध्ये ८४२ आणि २०२१ मध्ये ६१८ वर आली. १९७३ साली पाच राष्ट्रांनी या प्राण्याच्या रक्षणासाठी करार केला, शिकारीस आळा बसला. परंतु वितळणारा बर्फ कराराचे कलम जाणत नाही.

आता दिवे मालवावेत. पहिले चित्र त्या पाठीचेच आहे. त्यात चेहरा नाही, परंतु तिची झोप मोडलेली नाही, एवढे समाधान त्यात आहे.