खाडीच्या वाटेने पेडणे आणि डिचोली



भूमध्य समुद्राच्या काठचा प्रवास करून आलेली आपली मंडळी त्या प्रदेशाचे जे वर्णन करतात, त्यात स्वच्छ ऊन आणि निळे पाणी यांच्या बरोबरीने एक गोष्ट हटकून येते. ती ही की, तेथे समुद्र आणि जुने शहर यांच्यामध्ये जणू अंतरच नसते. इटलीतील आमाल्फी घ्या किंवा एड्रियाटिकच्या काठावरील दुब्रोव्हनिक घ्या. नावेतून उतरलेला प्रवासी थोडक्या वेळात मध्ययुगातील चौकात, बाजारात, प्रार्थनामंदिराच्या पायऱ्यांशी येऊन पोहोचतो. हे चित्र मनात धरून जो कोणी गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे महालाच्या किनाऱ्यावर येतो, त्याला ऊन भरपूर मिळते, मैलोगणती वाळू मिळते, परंतु शहर काही मिळत नाही. आणि मग येथे समुद्रापलीकडे पाहण्याजोगे काही नाही असा ग्रह करून घेऊन तो आल्या वाटेने परत जातो. या ग्रहाचे मला मनापासून वाईट वाटते. आमची जुनी स्थळे आहेत, त्यांतील काही तर फारच पुरातन आहेत. ती खाडीच्या वाटेने आत आहेत इतकेच, आणि ती तेथे का वसली हे ध्यानात घेत घेत त्यांच्यापर्यंत जाणे, यातच या प्रवासाचे सारे सुख साठवलेले आहे.

याचे कारण निसर्गातच आहे. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी अगदी अल्प. बहुतेक ठिकाणी ती फूटभराच्या आतच राहते. पाऊसही तेथे मुख्यत्वेकरून हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, त्यामुळे घराची भिंत पाण्याच्या कडेला बांधण्याचे धाडस तेथील माणसाला परवडते. आमच्याकडे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी सहा-सात फुटांपर्यंत चढते आणि उतरते, जूनपासून चार महिने नैर्ऋत्येचा वारा उघड्या किनाऱ्यावर सरळ चालून येतो, आणि वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. होड्या वर ओढून त्यांवर झावळ्यांचे छप्पर घालावे लागते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्याखेरीज जुना रापणकार पाण्यात उतरत नसे, आणि आज सरकारी कायद्यानेही १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची मनाई असते. त्यातच चाच्यांचे भय. अशा किनाऱ्यावर पेठ, देवस्थान आणि कचेरी कोण थाटणार? ती खाडीने आत, जेथे भरतीचे पाणी गलबताला अलगद पोहोचवते आणि वादळ मात्र पोहोचत नाही, अशा जागी थाटली गेली.

पेडणे महाल दोन नद्यांच्या मध्ये पसरला आहे. उत्तरेस तेरेखोल आणि दक्षिणेस शापोरा. त्या दोन मुखांच्या दरम्यान केरी, हरमल, मांद्रे, आश्वे आणि मोरजी हे किनारे एका ओळीने येतात. केरीला सुरूच्या झाडांची दाट रांग आहे. हरमलला खडकाळ वाट ओलांडून गेले की समुद्रापासून अगदी थोड्या अंतरावर गोड्या पाण्याचे तळे लागते, आणि एका बाजूला खारट लाटा व दुसऱ्या बाजूला रानातून झिरपून आलेले निवांत पाणी असा योग तेथे पाहावयास मिळतो. मोरजीच्या वाळूत हिवाळ्यात समुद्री कासवांच्या माद्या रात्री येऊन अंडी घालतात, आणि सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर पडून पाण्याकडे धावतात. वनखात्याने व ग्रामस्थांनी त्या घरट्यांभोवती कुंपण घालून राखण ठेवली आहे. परंतु लगतच्या उपाहारगृहांचे दिवे आणि कर्कश संगीत रात्रभर चालू राहिले तर त्या मुक्या प्राण्याने यावे कोठे, हा प्रश्न येथे येणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता खाडीकडे वळू. केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडली की पलीकडे तेरेखोलचा किल्ला. नदीच्या उत्तरेस असूनही हे गाव गोव्याचेच आहे, आणि त्याच्या पाठीस लागूनच महाराष्ट्राची सरहद्द आहे. सतराव्या शतकात सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांनी नदीच्या मुखावर नजर ठेवण्यासाठी हा किल्ला उभारला, १७४६ साली तो पोर्तुगीजांच्या हाती पडला, आणि १९५४ सालच्या १५ ऑगस्टला आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहींनी त्याच्यावर राष्ट्रध्वज फडकवला. शापोरा नदीवर आत हळर्णचा किल्ला आहे. तोही १७४६ सालीच सावंतांच्या हातून गेला, आणि तो जिंकणाऱ्या पोर्तुगीज व्हाइसरॉयला त्याच्या राजाने हळर्णचाच मार्क्विस असा किताब दिला. एका आडबाजूच्या लहानशा किल्ल्याचे नाव लिस्बनच्या दरबारातील सरदारघराण्याला मिळावे, यावरून या खाड्यांचे मोल त्या काळी केवढे होते याचा अदमास येतो.

खाडीच्या दोन्ही काठांवर खाजने आहेत. बांध घालून खारे पाणी अडवावयाचे, मानशीची दारे भरतीला मिटावयाची आणि ओहोटीला उघडावयाची, पावसाळ्यात तेथेच भात पिकवावयाचे व पाण्यात मासळी धरावयाची, ही व्यवस्था गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. आगरवाड्याला उन्हाळ्यात अजूनही मिठागरे चालतात. ज्याला या प्रदेशातील ऊन खरोखर पाहावयाचे आहे त्याने एप्रिलात तेथे जावे आणि त्या उन्हावर माणसाचे पोट कसे चालते ते पाहावे. बांध फुटला आणि वेळीच बांधला गेला नाही तर शेत खारावते. अशी खारावलेली शेते आज ठिकठिकाणी दिसतात, आणि डोंगर कापून त्यांच्या मातीने भरून काढलेली शेतेही दिसतात. पहिले नुकसान निष्काळजीपणाचे आहे, दुसरे लोभाचे आहे, आणि दोन्ही भरून यावयास फार काळ लागणार आहे.

पेडणे गाव किनाऱ्यापासून बरेच आत आहे. भगवती आणि रवळनाथ ही तेथील दैवते; भगवतीच्या देवळापुढे दोन भव्य पाषाणी हत्ती उभे आहेत, आणि दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत चालणाऱ्या उत्सवात, विशेषतः पुनवेच्या रात्री, दोन्ही बाजूंच्या सरहद्दींवरून लोक लोटतात. जवळच देशप्रभूंचा अनेक चौकांचा वाडा आहे. या महालाने महाराष्ट्राला दिलेली माणसेही लहान नव्हेत. खर्ड्याच्या १७९५ सालच्या लढाईत शिंद्यांची फौज ज्यांच्या हाताखाली होती ते जिवबादादा बक्षी मूळचे या केरीचे. आणि ज्यांचे अभंग आजही कोकणात भजनाला म्हटले जातात त्या सोहिरोबानाथ आंबियांचे नाव विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयाला दिलेले आहे.

येथे जुन्या राजकारणाचा थोडा खुलासा करणे आवश्यक आहे. बारदेश आणि साष्टी हे महाल १५४३ साली पोर्तुगीज अंमलाखाली गेले, आणि धर्मांतराच्या, देवळांच्या विध्वंसाच्या लाटा त्यांच्यावरून गेल्या. डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली, सावंतांकडून, त्या अंमलात आले. मधल्या अडीचशे वर्षांत युरोप बदलला होता, पोर्तुगालही बदलला होता, आणि या नव्या मुलखातील लोकांचे धर्म व रीतिरिवाज अबाधित ठेवण्याचे सरकारने मान्य केले. म्हणून शापोरा ओलांडून बारदेशातून पेडण्यात येताच चर्चच्या शुभ्र दर्शनी भिंतींऐवजी दीपमाळा आणि मंडप दिसू लागतात. एकाच नदीच्या दोन काठांवर दोन निरनिराळे इतिहास असे समोरासमोर उभे असलेले मी दुसरीकडे क्वचितच पाहिले आहेत. या अंमलाचा शेवट घडवून आणताना सांडलेल्या रक्ताची खूणही याच महालात आहे. पत्रादेवीच्या नाक्यावर १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्यात पंजाबातून आलेला कर्नैलसिंग हा तरुण धारातीर्थी पडला. तेथील हुतात्मा स्मारकापाशी थांबल्यावाचून कोणी पुढे जाऊ नये.

डिचोली महालाला, ज्याला जुन्या कागदपत्रांत भतग्राम म्हणत, समुद्रकिनारा मुळीच नाही, आणि तरीही समुद्राशी त्याचे नाते तुटलेले नाही, कारण त्याच्या नद्या मांडवीला मिळतात. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शाहजादा अकबर संभाजीराजांच्या आश्रयाने काही काळ येथे राहिला. गावाबाहेरचा नमाजगाह त्याच काळाची आठवण सांगतो. लामगावची व हरवळ्याची जांभ्या दगडात कोरलेली लेणी, हरवळ्याचा धबधबा व त्याशेजारचे रुद्रेश्वराचे देऊळ, वाळवंटीच्या काठची साखळी आणि तेथील राणे घराण्याचा वाडा, मयेचे तळे, शिरगावला लईराईच्या जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारे व्रतस्थ धोंड, हे सारे थोड्याशा परिघात सामावलेले आहे. त्याच परिघात लोहखनिजाच्या खाणीही आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून येथले डोंगर फोडून, बार्जांत भरून, मांडवीने मुरगावला रवाना झाले. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या तेव्हा कित्येक घरांचे उत्पन्न थांबले, आणि उघडे पडलेले तांबडे खड्डे पाण्याने भरून राहिले. या दोन्ही दुःखांपैकी एकच पाहणे अन्यायाचे होईल.

मात्र डिचोलीत एकच ठिकाण पाहण्याइतका वेळ असेल तर नार्व्यास जावे. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत; त्याचे मूळ देवालय मांडवीतील दिवाडी बेटावर होते. बहमनी स्वारीत ते भग्न झाले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा उद्धार केला, आणि सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीजांनी ते पुन्हा पाडले. लिंग विहिरीच्या काठावर पाणी शेंदण्याच्या कामी लावले गेले होते अशी हकीकत परंपरेने चालत आली आहे. भाविकांनी ते तेथून हलवून खाडीपलीकडे, त्या वेळी आदिलशाही अंमलात असलेल्या डिचोली महालात, नार्व्याच्या झाडीत आणून स्थापिले. पुढे शिवाजी महाराज या भागात आले असता त्यांनी देवालय नव्याने बांधण्याची आज्ञा केली. शके १५९० च्या कार्तिक वद्य पंचमीचा, म्हणजे नोव्हेंबर १६६८ चा, तो शिलालेख अद्याप दारावर आहे. जांभा दगड, कौलारू मंडप, अष्टकोनी शिखर, पुढे दीपमाळ. भव्यतेचा हव्यास कोठेच नाही. राज्याभिषेकाला अजून साडेपाच वर्षे होती, पुरंदरच्या तहाने तेवीस किल्ले गमावले होते, आणि अशा अडचणीच्या दिवसांत एका राजाला नदीपलीकडून निर्वासित होऊन आलेल्या देवाचे घर बांधावेसे वाटले, हे त्या लहानशा गाभाऱ्यासमोर उभे राहिले की मनाला विशेष जाणवते. गोव्याच्या सरकारने २०२३ साली त्याचा जीर्णोद्धार पुरा केला.

मोपाच्या सड्यावर २०२२ च्या डिसेंबरात विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून बाहेरचा प्रवासी थेट पेडण्यातच उतरू शकतो. तेव्हा त्याने पहिला दिवस केरी-तेरेखोल, हरमल आणि पेडणे गावाला द्यावा, दुसरा डिचोली, हरवळे आणि नार्व्याला. नार्व्याच्या धक्क्यावरून दिवाडीला फेरीबोट जाते, आणि दिवाडीच्या दुसऱ्या टोकाहून जुन्या गोव्याला दुसरी. म्हणजे सप्तकोटेश्वराचे लिंग ज्या पाण्यावरून अलीकडे आले त्याच पाण्यावरून उलट दिशेने जाऊन, देवळांच्या मुलखातून निघालेला प्रवासी दिवस मावळण्यापूर्वी बॉम जेझूच्या चर्चच्या दाराशी पोहोचू शकतो.