पदराची उलटी बाजू

गाण्याच्या बाबतीत आपण मराठी माणसं स्वतःला कानसेन म्हणवून घेतो, आणि ते फारसं खोटंही नाही. मैफलीत मागच्या सतरंजीवर बसलेल्या श्रोत्याला स्वतःला धड सा लावता येत नसेल, पण गवयाची सम निसटली की त्याची डोलणारी मान तिथल्या तिथे थबकते. ही मान एका दिवसात तयार झालेली नाही. नाट्यसंगीतानं, गणेशोत्सवातल्या गाण्यांनी आणि आकाशवाणीवरच्या संगीत सभांनी ती घडवली. पण हाच श्रोता हिवाळ्यात एखाद्या हस्तकलेच्या प्रदर्शनात शिरतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘केवढ्याला?’ आणि दुसरा, ‘शेवटचं किती?’ वस्तूकडे बघणं या दोन प्रश्नांच्या मधे कुठेतरी राहून जातं. पारखी हा शब्द आपल्याकडे आहे, नाही असं नाही. पण तो आपण सोन्याचांदीच्या दुकानात ठेवून आलो आहोत. स्थानिक कलावंतांना आधार द्यायला हवा, असं भाषणांतून वारंवार ऐकू येतं, आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘त्यांच्याकडून काहीतरी घ्या’ एवढाच असतो. मला हा अर्थ अपुरा वाटतो. कीव येऊन केलेली खरेदी एकदा होते आणि वस्तू माळ्यावर जाते. ज्याला काम कळतं ते गिऱ्हाईक परत येतं, आणि यंदाचं काम मागच्यापेक्षा उतरलंय की चढलंय हे तोंडावर सांगतं. कारागिराला खरी गरज अशा गिऱ्हाइकाची आहे, आणि तसं होता येतं. त्यासाठी कलेच्या शाळेत जावं लागत नाही; प्रदर्शनातल्या गाळ्यासमोर थोडा वेळ उभं राहावं लागतं.

उदाहरणादाखल पैठणी घेऊ. येवल्याच्या किंवा पैठणच्या विणकराच्या गाळ्यावर साडीचा पदर हातात घ्या. सुलटी बाजू सगळेच दाखवतात. तुम्ही तो पदर उलटा करा. पारंपरिक पद्धतीनं हातानं विणलेल्या पैठणीत मोर, मुनिया, कमळ, वेल, जे काही पदरावर असेल ते मागूनही जवळजवळ तितकंच स्वच्छ दिसतं. याचं कारण विणण्यातच आहे. साध्या कापडात आडवा धागा धोट्याबरोबर या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जातो. पैठणीच्या पदरात तसं होत नाही. हिरवी मुनिया जेवढी रुंद, तेवढ्यापुरताच हिरवा धागा जातो, चोचीपाशी लाल धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. लाल धागा चोचीपुरता पुढे जातो, शेजारच्या जरीला अडकतो आणि तोही परततो. प्रत्येक रंगाची छोटी कांडी वेगळी, आणि ती उभ्या ताण्यातून बोटांनी ओवायची. अशा कित्येक कांड्या आपापल्या हद्दीत फिरून आल्या की एक ओळ पुरी होते, आणि त्या ओळीनं पदर वाढतो तो केसभर. यंत्रमागावर जकार्ड या नक्षीच्या यंत्रणेनं काढलेल्या नक्षीत मात्र रंगीत धागा नक्षीपुरता वर येतो आणि बाकीच्या जागेत मागच्या अंगानं लोंबत जातो. तो कापला तर मागे झालर राहते, ठेवला तर बांगडीत अडकतो. आता एक खबरदारी. हातमागावरच्या काही पैठण्यांतही मागे सुटे धागे सोडणारी ब्रोकेडची नक्षी असते, तेव्हा मागे धागे दिसले म्हणजे लगेच फसवणूक समजू नका. ‘ही नक्षी कशी काढली?’ एवढंच विचारा. मग मोराच्या मानेची कड जवळून बघा. लांबून ती गोल वाटते, पण जवळून ती बारीक पायऱ्यांची असते, कारण धागे उभे आणि आडवेच जाऊ शकतात. उभ्या-आडव्या धाग्यांतून वळणाचा भास उभा करणं, हे त्या विणकराचं गाणं आहे. हे एकदा दिसलं की पुढच्या गाळ्यावर तुम्ही आधी किंमत विचारूच शकणार नाही. हात आपोआप पदराच्या मागे जाईल. (साडीवर चिन्हं असतात तीही नीट वाचावीत. सिल्क मार्क फक्त धागा खऱ्या रेशमाचा असल्याचं सांगतो, कापड हातानं विणलं की यंत्रानं याबद्दल तो मुका आहे. त्यासाठी हातमागाचं चिन्ह वेगळं आहे.)

आता घासाघीस. भाव करणं ही आपली रीत आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं अनेक जण म्हणतील. आणि भाजीच्या बाजारात किंवा व्यापाऱ्याच्या दुकानात मलाही ते मान्य आहे. पण विणकराच्या गाळ्यावर उतरवलेला पैसा कुठून येतो, याचा हिशेब मांडून पाहावा. रेशीम बहुतेक करून बंगळूरकडून येतं, त्याचा भाव विणकराच्या हातात नसतो. जरीची तार सुरतेहून येते, तीही ठरलेल्या दरानं. प्रदर्शनात येण्याजाण्याचा, राहण्याचा खर्च झालेलाच असतो. या साऱ्यातून कमी करता येण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे घरातल्या माणसांची मजुरी. त्यातही पदराआडची बरीच मजुरी बायकांची असते, आणि ती हिशेबात धरलेलीच नसते. देशात २००९-१०च्या हातमाग गणनेत विणकर आणि त्यांचे सहकामगार मिळून सुमारे ४३ लाख होते. २०१९-२०च्या गणनेत ते ३५ लाखांवर आले, आणि त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. याच गणनेप्रमाणे सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत होतं. तेव्हा ‘शेवटचं किती?’ हा प्रश्न कापडाच्या किमतीबद्दल विचारल्यासारखा वाटला, तरी तो जाऊन पोहोचतो त्या मजुरीपाशी. किंमत परवडत नसेल तर तसं सांगून पुढे जावं. त्यात कारागिराचा अपमान नाही. अपमान होतो तो काम न बघता भाव पाडण्यात.

यावर नेहमीचा आक्षेप असा की ही मंडळी तेच तेच काढतात. तोच मोर, वारली चित्रातला तोच तारपा नाच, मग याला कला का म्हणायचं, कारागिरी म्हणा. गाण्याच्या श्रोत्यानं तरी हा आक्षेप घेऊ नये. यमन आपण हजारदा ऐकतो आणि हजार-एकाव्या वेळी पुन्हा तिकीट काढतो, कारण त्यात या गायकानं काय केलं हे ऐकायचं असतं. वारली चित्राकडे असंच बघायला हवं. मुळात हे चित्र लग्नघराच्या भिंतीवर सवासिनी काढत. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, आणि ती ओढायला बांबूची चावून कुंच्यासारखी केलेली काडी. लग्नचौकात पालघट देवता. चित्राखाली काढणारीचं नाव लिहायची पद्धत नव्हती. १९७०च्या दशकात डहाणू भागातले जिव्या सोमा म्हशे कागदावर चित्रं काढू लागले आणि पहिल्यांदा या रेघेला एका माणसाचं नाव मिळालं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांनी काढलेलं मासेमारीचं जाळं ज्यांनी पाहिलं असेल त्यांना सांगायला नको, की बारीक तुटक रेघांनी भरलेल्या त्या पटावर पाण्याचा सगळा पसारा उभा राहतो आणि तरी प्रत्येक रेघ सुटी मोजता येते. नाव मिळाल्यामुळे ही शैली ओळखता आली; ओळखता आली म्हणून नक्कल आणि अस्सल यांतला फरक बोलता आला. प्रदर्शनात वारली चित्र घेताना नुसता विषय पाहू नका. माणसाच्या आकृतीतले दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जिथे मिळतात, त्या कमरेपाशी बघा. चांगल्या हाताचा माणूस तिथून वाकतो, वळतो, ओझं उचलतो; नाचाच्या रांगेत प्रत्येकाचा गुडघा वेगळ्या कोनात असतो. छापलेल्या चादरीवर सगळे एकाच मापात वाकलेले असतात, कवायतीसारखे.

‘हातानं केलं म्हणजे थोडं ओबडधोबड असायचंच,’ हा दुसरा गोड गैरसमज आहे, आणि तो विकणारेही कधी कधी खुशीनं पसरवतात. वेडीवाकडी शिवण किंवा पसरलेला रंग ही हस्तकलेची सही नव्हे. सावंतवाडीचा गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते, पाहा. दशावतारी गंजिफात गोल पत्ते १२०. दहा अवतारांचे दहा गट आणि प्रत्येक गटात बारा. एकेक अवताराचा राजा, प्रधान आणि मग एक ते दहापर्यंतचे साधे पत्ते, म्हणजे मत्स्याच्या गटात दहाच्या पत्त्यावर दहा मासे, कूर्माच्या गटात दहा कासवं. पत्ता एवढासा, तळहातात मावणारा, आणि त्यावर हे सगळं कुंच्यानं. आता गंमत बघा. १२० पत्त्यांचे चेहरे वेगवेगळे हवेत, पण पाठी मात्र अगदी सारख्या हव्यात; एका जरी पाठीवर रंगाचा ओघळ राहिला तर समोरच्या खेळाडूला पत्ता ओळखता येईल आणि डाव मोडेल. म्हणजे इथे नेमकेपणा हा शोभेचा भाग नसून खेळाची अट आहे. ही कला बुडता बुडता वाचली, ती १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी हात घातला म्हणून. उरलेल्या चितारी कारागिराकडून काम समजून घेतलं गेलं, नवे हात तयार केले गेले, राजवाड्यातच काम सुरू झालं. कोणी म्हणेल, राजवाडा असला की हे जमतं. खरं आहे. पण तिथे नुसते पैसे कामी आले नाहीत. त्या दोघांनी आधी ते पत्ते नीट पाहिले होते, म्हणून त्यांत वाचवण्यासारखं काय आहे ते त्यांना दिसलं. आणि राजवाडाच लागेल अशाच वस्तू गाळ्यावर असतात असं थोडंच आहे? लाखकाम केलेलं लाकडी फळ, भोवरा, पोळपाट-लाटणं अशा चार पैशांच्या गोष्टीतही हात दिसतो.

सगळ्यांत खरा आक्षेप अजून घ्यायचा राहिला. प्रदर्शनात बसलेली अर्धी मंडळी कारागीर नसून व्यापारीच असतात, मग आधार कोणाला? हे अनेक ठिकाणी खरंच आहे. याचसाठी दिल्ली हाट १९९४ साली सुरू झाली तेव्हा गाळे कारागिरांना पाळीपाळीनं ठरावीक दिवसांपुरते देण्याची रीत ठेवली गेली. मुंबईतल्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत बचतगटांच्या बायका स्वतः बसतात. हस्तकलेच्या कारागिरांना केंद्र सरकारचं ‘पहचान’ ओळखपत्रही मिळतं. तरी ओळखपत्रापेक्षा एक प्रश्न जास्त उपयोगी पडतो: ‘यात सगळ्यात अवघड काय?’ व्यापारी वस्तूचे गुण सांगेल. करणारा माणूस कुठे चुकतं ते सांगेल, आणि सांगताना त्याची बोटं हवेत कांडी फिरवू लागतील. व्यापाऱ्याला मी खलनायक मानत नाही. चांगला व्यापारी नसता तर कोल्हापूरबाहेर कोल्हापुरी चप्पल कुणी पाहिली असती? पण त्याला ‘ही कुणी केली?’ असं विचारायला हरकत नाही, आणि उत्तर माहीत असणारा व्यापारी निवडायलाही नाही. यंत्राच्या मालाशीही माझं भांडण नाही. यंत्रमागाची साडी यंत्रमागाची म्हणून विकली तर ती प्रामाणिकच आहे, आणि रोजच्या वापराला तीच बरी. हातमागाच्या नावावर ती विकली की मात्र येवल्यातल्या एका मागाचं काम जातं.

कोल्हापुरी चपलेचाच प्रसंग घ्या. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन कंपनीच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला झळकल्या आणि कोल्हापूरचं नाव कुठे नव्हतं. आपण सगळे संतापलो, आणि ते योग्यच झालं. नंतर कंपनीनं या चपलेचं मूळ मान्यही केलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. पण मानांकन गावाला आणि जिल्ह्याला नाव देतं, माणसाला नाही. तळ कुणी कापला, पट्ट्याची वेणी कोणत्या बाईनं घातली, हे त्या कागदावर येत नाही. मिलानच्या मंडळींनी कोल्हापूरचं नाव घेतलं नाही म्हणून चिडलेले आपण रेक्झिनची ‘कोल्हापुरी’ रस्त्यावर घेतो, आणि चामड्याची घेतली तरी करणाऱ्याचं नाव विचारत नाही. हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावलेलं कातडं हाताला कसं लागतं, तळ खिळ्यांनी ठोकलाय की दोऱ्यानं शिवलाय, हे बघायला चप्पल पालथी करावी लागते, एवढंच.

येत्या हिवाळ्यात तुमच्या गावात, तालुक्याच्या ठिकाणी, नाहीतर जवळच्या शहरात असं प्रदर्शन लागेलच. गर्दी नसेल अशा वेळी जा, दुपारी. एका गाळ्यावर एकच वस्तू घ्या किंवा घेऊही नका, पण ती उलटी करून बघा आणि ‘यात अवघड काय?’ हे विचारा. घेतलीत, तर पावतीवर करणाऱ्याचं किंवा करणारीचं नाव आणि गाव लिहून मागा, आणि ती पावती पैठणीच्या घडीत ठेवा.